रोहूच्या कल्ल्यांत सापडलेला आरोपी

अमरावती,
मार्चची दुपार, वीज गेलेली.

आदरणीय वच्छलाआत्यास,

रश्मीचा मनापासून जयभीम. तुझ्या गुडघ्याला उतार असेल, कानाचं मशीन डब्यातून निघून कानात बसलं असेल, आणि अमरावतीपेक्षा अकोल्याचं ऊन कडक हा तुम्हा लोकांचा अभिमान यंदाही शाबूत असेल, असं धरून चालते. संघपालदादाला आणि वहिनीला माझा नमस्कार सांग. मी ठीक आहे. वजन कमी झालंय असं आई म्हणते, वाढलंय असं घरमालकीण जमुनाकाकू म्हणतात, आणि वजनकाटा कॉलेजात फक्त माशांसाठी असल्यामुळे हा वाद मिटण्यासारखा नाही.

सगळ्यात आधी एक खुलासा. आईची किडनी ठीक आहे. दोन्ही ठीक आहेत. त्या दिवशी फोनवर मी तुला म्हटलं होतं की बाबांच्या माशांना किडे झालेत. तू ऐकलंस, मायाला, म्हणजे आईला, किडनी झाली. (किडनी मुळात सगळ्यांनाच असते, हे तू तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर तुला मी काय सांगावं?) मग तू सगळ्या नात्यात फोन केलेस, संघपालदादाला मोटारसायकलवर नारळ लादून गावाला धाडलंस, आणि आईला निरोप दिलास की मीठ बंद. आत्या, आईला काहीही दुखत-खुपत नव्हतं, तरी तिनं दोन दिवस अळणी वरण खाल्लं. मी विचारलं, कावून? तर म्हणाली, "वच्छलाबाईनं सांगतलं म्हणजे असंन काही तरी." म्हणून आता फोन नाही. सगळं कागदावर लिहून पाठवते. सावकाश वाच, आणि अर्धं वाचून कोणाला नारळ पाठवू नकोस.

तर मासे. तुला माहीत आहे, बाबा मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाल्यापासून घरात एक रिकामा वर्ग असल्यासारखे फिरत होते. आईनं भाजी निवडायला घेतली की मागे उभं राहून निरीक्षण करायचे. शेवटी त्यांनी शेतात सरकारी योजनेतून शेततळं खोदलं आणि त्यात रोहू-कटल्याची पिल्लं सोडली. पिल्लं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, एवढ्याशा पाण्यात इतकीच सोडा, जास्त नको. बाबांनी दुप्पट सोडली. आईनं विचारलं, एवढी दाटी कशाला? त्यावर बाबांचं उत्तर असं की माह्या वर्गात चाळिसाच्या जागी ऐंशी पोट्टे बसत होते, कोणी मेलं काय? (आईचं म्हणणं, मेलं नाही, पण पासही कोणी झालं नाही. हे ती बाबांसमोर बोलत नाही. तूही बोलू नकोस.)

त्यातली ओंजळभर पिल्लं बाबांनी शेजारच्या भगवंतकाकांना दिली होती. तुला भगवंतकाका आठवत असतील. आपल्या शेताच्या धुऱ्याला लागून ज्यांची वांगी आणि झेंडू असतो ते. तू माहेरी आलीस की पिशवीभर वांगी मुकाट्यानं ओट्यावर ठेवून जाणारा माणूस. त्यांच्या घरात मासळी शिजत नाही, तरी त्यांनी ती पिल्लं हौसेनं आपल्या विहिरीत सोडली आणि रोज दुपारी पायऱ्यांवर बसून भाकर खाताना निम्मी त्यांना चारू लागले. त्यांच्या घरच्या गंगूकाकू म्हणत, एवढं प्रेम माणसांवर केलं असतं तर कधीचे सरपंच झाले असते. बाबा आणि ते रोज संध्याकाळी धुऱ्यावर बसायचे. बाबा बोलायचे आणि भगवंतकाका बोलायचे नाहीत, म्हणून त्यांचं फार जमायचं.

संक्रांतीनंतर बाबांचे मासे मरू लागले. आधी एखाददुसरा, मग रोजच काही. बाकीचे पहाटे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत राहायचे, जसं काही त्यांना काही सांगायचं आहे. बाबांना हे सहन होईना. त्यांनी बांधावर फेऱ्या मारून तपास सुरू केला आणि तिसऱ्या फेरीत त्यांना धुऱ्यावर फवारणीच्या औषधाचा एक रिकामा डबा सापडला. झालं. शेजारी वांगी, वांग्यावर फवारणी, फवारणीचं पाणी तळ्यात, तळ्यात विष. बाबांनी आयुष्यभर गणित शिकवलंय. चार पायऱ्यांत उत्तर काढलं, आणि उत्तर आलं की खाली दोन रेघा मारायच्या ही त्यांची सवय. भगवंतकाकांना त्यांनी काहीच विचारलं नाही. त्याऐवजी नांदगावच्या स्टँडजवळ चहाच्या दुकानात सगळ्यांना सांगितलं.

आत्या, हसण्यासारखी गोष्ट इथं संपते आणि थोडा वेळ दुसरीच चालू होते. त्या आठवड्यात भगवंतकाका नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात वांगी घेऊन बसले, तर कोणी पाटीला हात लावेना. मास्तरचे मासे मेले ते याच्याच औषधानं, मग ही वांगी लेकराला कशी घालायची, असं बायका आपसांत बोलायच्या आणि पुढच्या पाटीकडे जायच्या. गंगूकाकूंनी ती वांगी संध्याकाळी तशीच परत आणली आणि बैलांपुढे टाकली. हे मला आईनं सांगितलं. बाबांना नाही सांगितलं, कारण बाबांनी त्या दिवशी पोलिस ठाण्यात द्यायची तक्रार लिहायला घेतली होती आणि त्यांचं अक्षर बिघडेल म्हणून घरात कोणी बोलायचं नव्हतं. तक्रारीत एक जागा मात्र कोरी होती. तिथं माझं नाव यायचं होतं. मुलगी माशांच्या रोगांवर पीएच. डी. करते, तिनं विष असल्याचं लिहून द्यावं, म्हणजे तक्रार पक्की.

(तू दर दिवाळीला विचारतेस की मी नेमकं काय शिकते, आणि मी दर दिवाळीला विषय बदलते. आता ऐकच. डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव माशांच्या अंगावर, कल्ल्यांत, आतड्यांत राहतात. ते कोणते, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं आणि त्यांनी आतलं मांस कसं बिघडवलं ते पाहायचं. थोडक्यात, घरभाडं न देता राहणारा भाडेकरू कोण आणि त्यानं भिंती किती खराब केल्या, याचा पंचनामा. सात वर्षांपासून करते आहे. लग्नाला आलेल्या स्थळांना हे सांगितलं की ते चहा अर्धा ठेवून उठतात.)

मी बाबांना फोनवर म्हटलं, बघितल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही. बाबा म्हणाले, "पाह्यतं काय त्यात? मी सांगून राह्यलो ना." मी म्हटलं, तुम्ही कधी पेपर न वाचता मार्क दिले का? यावर ते म्हणाले, ये मग.

मी गावाला गेले. तळ्याच्या काठी बसून पाहिलं, तर पाण्यावर कीटक पळत होते, बेडूक मजेत होते, काठाच्या शेवाळात बारके झिंगे उड्या मारत होते. कीटकनाशकानं मासे मरतील तिथं कीटक आधी मरायला हवेत. मला तिथंच शंका आली, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. मी एका मरणाऱ्या रोहूचं कल्ल्यावरचं झाकण उचललं. लालभडक असायला हवा तो कल्ला फिकट, चिकट, आणि त्यावर रव्याच्या दाण्यांएवढ्या पांढऱ्या गाठी. बाबा मागून म्हणाले, हेच ते विष. मी म्हटलं, बाबा, विषाला गाठी येत नसतात. ते म्हणाले, तुले काय माहीत. (आत्या, सात वर्षं.)

आता खरी पंचाईत पुढे. आजारी कल्ला नेऊन भागत नाही, तुलना करायला निरोगी कल्लाही लागतो. तोही शक्यतो त्याच वयाच्या, त्याच पिल्लांतल्या माशाचा. असे मासे सगळ्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होते. मी भगवंतकाकांच्या विहिरीवर गेले. ते पायऱ्यांवर बसले होते. मला पाहून उठले नाहीत, पण सरकून जागा दिली. मी घाबरत घाबरत सांगितलं की मला तुमचा एक मासा हवा, आणि खोटं बोलत नाही काका, तो परत येणार नाही. ते पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्याच्यानं काय होईन?" मी म्हटलं, काय झालं ते कळेल. तुमच्या बाजूनं लागेल की विरुद्ध, ते आत्ता नाही सांगू शकत. त्यांनी जाळी आणली, पण पाण्यात टाकेनात. शेवटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तो पायरीजवळचा नको नेऊ पोरी, तो मले वळखते. त्या कोपऱ्यातला ने. त्याची माही काही वळख नाई." आणि पाठ फिरवून वांग्यात निघून गेले. आत्या, मी आजवर शेकडो मासे कापलेत. हा एक धरण्याआधी मी दोनदा जाळी रिकामी वर काढली.

आजारी आणि निरोगी असे दोन्ही मासे मी पाण्याच्या कॅनमध्ये घालून एसटीनं अमरावतीला नेले. दोन वेगवेगळे कॅन, कारण आजाऱ्याचा रोग धडधाकटाला नको. नांदगावपासूनच एका कॅनचं झाकण गळत होतं. पुढच्या सीटवरच्या आजोबांचं धोतर ओलं झालं आणि त्यांनी आधी स्वतःवर, मग शेजारच्यावर, आणि शेवटी माझ्यावर संशय घेतला. मासे आहेत कळल्यावर सगळ्या गाडीत चर्चा सुरू झाली ती रस्सा कसा करायचा याची. एका मावशींनी तर आजारी रोहूच घ्यायची तयारी दाखवली. मी म्हटलं, याला रोग आहे. मावशी म्हणाल्या, "आमच्या घरी सगळं शिजवूनच खातात बाई." तसं पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं, माशांचा हा रोग माणसाला होत नाही, पण कंडक्टरला ते कोण पटवणार? त्यानं मला बडनेऱ्यापर्यंत मागच्या दारात उभं ठेवलं.

प्रयोगशाळेत एक गाठ काचेवर फोडून पसरली आणि सूक्ष्मदर्शक लावला. आत हजारो बीजाणू होते. प्रत्येकाचा आकार भोपळ्याच्या बीसारखा, आणि टोकाला शेजारी शेजारी दोन टपोऱ्या पिशव्या, डोळ्यांसारख्या. मिक्सोबोलस. नाव ऐकायला एखाद्या औषध कंपनीसारखं, पण हाच आपला भाडेकरू. मी आनंदानं उडी मारली आणि गाईड मॅडमना दाखवायला धावले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, परजीवी सापडला हे ठीक, पण त्यानंच मासे मारले हे कशावरून? औषधाच्या विषानंही कल्ले खराब होतात. आतलं मांस दाखव, पाण्याचा रिपोर्ट आण, मग बोल. मी मनातून चिडले. पण मॅडमचं हेच आहे, त्या बरोबर असतात तेव्हाच चिडायला होतं.

आतलं मांस पाहायचं म्हणजे आठवड्याचं काम. कल्ल्याचा तुकडा औषधात मुरवायचा, त्यातलं पाणी काढायचं, वितळलेल्या मेणात बसवायचा, मेणाची वडी थंड करायची, आणि ती यंत्रावर इतकी पातळ कापायची की पापडही तिच्यापुढे जाडजूड वाटावा. मग काचेवर घेऊन रंगवायची. पण मार्चमध्ये अमरावतीत मेण थंड राहत नाही आणि कॉलेजचा फ्रीज बंद पडलेला. म्हणून मी त्या वड्या डबीत घालून जमुनाकाकूंच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. जमुनाकाकू कांदासुद्धा चतुर्मासात घरात येऊ देत नाहीत. त्यामुळे मी डबीवर फक्त 'मेण' असं लिहिलं. खोटं नव्हतं. थोडं अपुरं होतं.

जमुनाकाकू ब्लाउज शिवतात हे तुला माहीत नसेल. बटणं लावताना दोरा मेणावरून ओढला की तो पक्का होतो, हेही मला माहीत नव्हतं. संध्याकाळी मी परत आले, तर काकू दारात बसून माझ्या मेणाच्या वडीवरून दोरा सपासप ओढत होत्या. "किती छान मेण गं तुझं," त्या म्हणाल्या, "मधे काही तरी लालसर आहे, तेवढं जरा टोचतं." ती वडी भगवंतकाकांच्या माशाची होती. मला तिथं उभ्याउभ्या रडू आलं. काकूंना वाटलं मेण महागाचं असावं. बिचाऱ्यांनी मला गुळाचा चहा करून दिला आणि उरलेली वडी पुसून परत केली. निम्मी शिल्लक होती, आणि कल्ल्याचा तुकडा एका बाजूनं खरवडला गेला असला तरी खोलात शाबूत होता. (राजापेठेतल्या कोणा तरी बाईच्या ब्लाउजची बटणं आता रोहूच्या कल्ल्यानं पक्की झाली आहेत. काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. तुला सांगितलं म्हणजे अकोल्याला कळलं, अमरावतीला नाही, एवढा भरवसा आहे.)

शेवटी काचा तयार झाल्या आणि पाण्याचा रिपोर्टही आला. विष नाही. मी बाबांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, तक्रार पिशवीत घेऊन आले. आधी मी त्यांना बीजाणू दाखवायला बसवलं. त्यांनी डोळा लावला आणि लगेच म्हणाले, "दिसला. काळा आहे, लांब आहे, आन हलून राह्यला." ती त्यांची स्वतःची पापणी होती. पुढे त्यांनी दुसरा डोळा मिटायचा सोडून पहिला मिटला, मग दोन्ही मिटले, मग म्हणाले की यंत्र खराब आहे. मॅडम समोर होत्या. मी जमिनीत जायला तयार होते. पण अखेर त्यांना ते दिसलं. बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले, "हे त डोळे वटारून पाहून राह्यले."

मग मी कल्ल्यांच्या काचा लावल्या. निरोगी कल्ला म्हणजे कोरा कंगवा, दात सुटे सुटे, प्रत्येकाभोवती पाणी फिरायला जागा. आजारी कल्ल्यात तेच दात सुजून एकमेकांना चिकटलेले, मधे मधे त्या गाठींनी ठाण मांडलेलं, श्वास घ्यायला फटच नाही. एकदा हा, एकदा तो, असं बाबांनी किती वेळा पाहिलं मला ठाऊक नाही. मी समजावलं की थोड्या पाण्यात जास्त मासे झाले की हा रोग झपाट्यानं पसरतो. बाबांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी विचारलं, हा चांगला कल्ला कोणाच्या माशाचा? मी म्हटलं, भगवंतकाकांच्या. तुम्ही दिलेल्या पिल्लांतलाच. विहीर त्यांच्या वांग्याला लागून आहे, फवारणी तिथंच होते, तरी तो धडधाकट होता.

"त्यानं दिला?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

"मागतल्यावर दिला?"

मी म्हटलं, हो, बाबा.

ते उठले, मॅडमना नमस्कार केला आणि गेले. जाताना पिशवी माझ्या टेबलावर राहिली. तक्रार तिच्यात होती. ती न्यायला ते परत आले नाहीत.

आत्या, तुला वाटेल की संपलं. आपल्या घरात इतक्या लवकर काही संपतं का? बाबांनी तळ्यातले निम्मे मासे काढले, पाण्यात चुना टाकला, मरणं थांबली. इथवर उत्तम. पण भगवंतकाकांकडे जाऊन दोन शब्द बोलायचे, ते काही होईना. त्याऐवजी ते मासळीबाजारात जाऊन विक्रेत्यांच्या माशांची झाकणं उचलून कल्ले तपासू लागले आणि लोकांना दाटीचे दुष्परिणाम सांगू लागले. विकणाऱ्या बायांनी एकदा त्यांच्या अंगावर बर्फाचं पाणी ओतलं. घरी येऊन म्हणाले, पाऊस झाला. मार्चमध्ये.

आणि मग गेल्या रविवारी मी घरी असताना, सकाळी उठून पाहते तर बाबा बादली घेऊन धुऱ्यावरून चाललेले. मी आईला विचारलं, बादलीत काय? आई म्हणाली, "दोन मासे. भगवंतभाऊचा एक घेतला होता ना तू, त्याची भरपाई." मी चप्पल न घालता पळाले. आपल्या तळ्यातले मासे म्हणजे रोगाचं पार्सल. ते विहिरीत पडले असते तर भगवंतकाकांचे सगळे मासे गेले असते, तो पायरीजवळचाही. मी ओरडत होते, पण वारा उलटा होता. बाबा विहिरीच्या काठावर पोचले, बादली तिरपी केली, आणि तेवढ्यात वांग्यातून भगवंतकाका उभे राहिले.

ते पुढे आले नाहीत. उभे राहूनच म्हणाले, "मास्तर, माह्या विहिरीत काय टाकून राह्यले?"

आत्या, बाबांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. सगळी शाळा ज्याला घाबरायची, तो माणूस बादली धरून चोरासारखा उभा होता. मी पोचले, बादली धरली, धापा टाकत सांगितलं की मासे आहेत काका, विहिरीत नाही गेले, पण जाऊ देऊ नका. भगवंतकाकांनी बादलीत डोकावलं. मग बाबांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांचा आवाज बदलला. पण जे बोलले ते लागायचं तिथं लागलं. म्हणाले, "मी तक्रार नाई करत. माह्यं अक्षर चांगलं नाई."

बाबा बादली घेऊन घरी आले आणि दिवसभर जेवले नाहीत. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. म्हणजे आधीही नव्हतं, पण आता वेगळ्या कारणानं नाही.

बाकी सगळं ठीक. गावाकडे हरभरा बरा झाला. उन्हात फिरू नकोस, कानाचं मशीन रात्री काढून ठेवत जा. तू एवढ्या लांबून यायची काही गरज नाही, फक्त तुला खरं काय ते कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
रश्मी

ता. क. – गरज आहे. ये. बाबा या जगात फक्त तुझं ऐकतात. भगवंतकाकांच्या वांग्याला अजून गिऱ्हाईक नाही, आणि ज्या तोंडानं विष म्हटलं त्याच तोंडानं सगळ्यांसमोर नाही म्हटल्याशिवाय ते येणार नाही. माझ्या काचा बाजारात कोण पाहणार? तू बाबांचा कान धरून त्यांना भगवंतकाकांच्या दारात ने. काही शिकवू नकोस, फक्त बाजूला बस.

ता. क. दोन – मी तुला लिहिलंय हे बाबांना कळू देऊ नकोस. आज गावाला जाते आहे, पाकीट तिथूनच टाकीन.

(यापुढील मजकूर लाल शाईत, वळणदार अक्षरात.)

आदरणीय वच्छलाबाईस धर्मपालचा जयभीम. रश्मीने काल हे पत्र टपालात टाकण्यास माझ्याकडेच दिले. पाकीट चिकटवलेले नव्हते, म्हणून वाचले. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत, त्या पाहाव्यात. सात वर्षे शिकूनही ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. बाकी मजकूर बरोबर आहे. बर्फाच्या पाण्याचा प्रसंग लिहिण्याची आवश्यकता नव्हती.

तू येण्याची घाई करू नकोस. आज सकाळी मी भगवंतच्या वावरात गेलो होतो. तो वांगी तोडत होता. मीही दुसऱ्या ओळीला लागून तोडू लागलो. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "मास्तर, देठ ठेवून तोडा." मी देठ ठेवून तोडले. मग मी त्यास सांगितले की माझे चुकले, आणि येत्या बाजारात तुझ्या पाटीमागे मी बसणार. तो नको म्हणाला. मी म्हणालो, माझे विद्यार्थी आता लेकराबाळांचे झाले आहेत, ते मला पाहून येतील, त्यांना मीच सांगीन. त्याने पाटी डोक्यावर घेतली. निघताना म्हणाला, "सकाळच्यान लवकर या, जागा धरा लागते."